सिनेमाची गाणी ऐकू का असं विचारलंत, पण मला काळजी दुसऱ्याच आवाजांची वाटते

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. लग्नाला दोन वर्षं झाली, डोंबिवलीहून रोज लोकलनं ऑफिसला जाता, जाऊन येऊन तीन तास कानात इअरफोन असतात. लहानपणापासून भावगीतं आणि सिनेमाची गाणी आवडतात, पण मिस्टर म्हणतात ख्रिस्ती माणसानं जगिक (म्हणजे देवाधर्माची नसलेली) गाणी ऐकू नयेत. घरी सासूबाई सकाळी चहा ठेवल्यापासून मोबाईलवर उपदेशकांचे संदेश आणि भाकितं लावतात, त्यातलं खरं काय नि खोटं काय कळत नाही आणि बोलायचीही सोय नाही. शिवाय ऑफिसात गणपतीत आरती असते तेव्हा थांबायचं की बाहेर जायचं. बरोबर ना?

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही आणि थिऑलॉजीची डिग्रीही नाही. नोकरी एसटीत केली, आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शब्बाथशाळा (रविवारचा बायबलवर्ग) आणि भजनमंडळ मिळून २८ वर्षं सांभाळतोय, पाळकसाहेब गावाला गेले की उपदेशाला मला उभं करतात. त्यामुळे उत्तर पुस्तकी नसेल, आणि लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी माझा मूर्खपणा सांगतो. १९९१ साली मी बावीस वर्षांचा होतो. आमच्या इथं तीन दिवसांचं कन्व्हेन्शन होतं आणि बाहेरून आलेल्या एका उपदेशकानं शेवटच्या रात्री असा काही संदेश दिला की विचारू नका. सैतान हा पडण्याआधी स्वर्गातला संगीतप्रमुख होता, म्हणून जगातलं सगळं संगीत त्याच्या ताब्यात आहे, घरात कॅसेट ठेवणं म्हणजे साप पाळणं, वगैरे. मी रडलो, पुढे गेलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या कॅसेट गोणीत भरून परसात पेटवल्या. तीस-पस्तीस असतील. प्लॅस्टिकचा तो काळा धूर आणि टेप आकसून सुरवंटासारखी वळवळते ते अजून डोळ्यासमोर आहे. त्यात माझी हिंदी गाणी होती पण बाबांच्या नाट्यसंगीताच्या आणि अभंगांच्याही होत्या. बाबा चर्चमध्ये पेटी वाजवायचे. संध्याकाळी कामावरून आले, कपाट उघडलं, बराच वेळ तसेच उभे राहिले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, कापणीच्या सणाचं भजन त्यातल्याच एका चालीवर बसवत होतो, अंतरा अजून हातात आला नव्हता. आता ऐकू कुठून?"

त्या वर्षी ते भजन झालं नाही.

आता यातली खरी चूक कुठली ते बघा. कॅसेट जाळल्या ही नाहीच, ती तर दुसरी. पहिली चूक अशी की त्या उपदेशकानं सांगितलेलं वचन मी घरी येऊन उघडूनसुद्धा बघितलं नाही. पाच-सहा वर्षांनी शब्बाथशाळेची तयारी करताना बायबलमधल्या यहेज्केलाच्या पुस्तकाचा २८ वा अध्याय समोर आला, तेव्हा बघतो तर त्या अध्यायातलं ते विलापगीत सरळसरळ सोर शहराच्या राजाविषयी म्हणून सुरू होतं. त्यात सैतानाचं चित्र आहे असं मानणारे लोक जुन्या काळापासून आहेत, तेही मान्य. पण संगीतप्रमुख वगैरे कुठून आलं? तर तेराव्या वचनात जुन्या इंग्रजी भाषांतरात डफ नि बासरीसारखे शब्द आहेत, आणि त्याच हिब्रू शब्दांचा अर्थ नंतरच्या बऱ्याच भाषांतरांनी रत्नं बसवायची कोंदणं असा घेतलाय. म्हणजे ज्या शब्दाच्या अर्थावर भाषांतरकारांचंच एकमत नाही त्या शब्दावर मी बाबांचं कपाट रिकामं केलं! मी त्या दिवशी वाईट गाणं ऐकून बिघडलो नव्हतो, चांगला वाटणारा उपदेश न तपासता ऐकून बिघडलो होतो.

म्हणूनच तुमच्या प्रश्नात गाणी पहिल्या नंबरवर आणि भाकितं दुसऱ्या नंबरवर आहेत ते मी उलटं करणार आहे. पण गाण्यांचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे.

येशूनं पेरणाऱ्याचा दाखला सांगितल्यावर एक गोष्ट बजावली, ती दोन शुभवर्तमानांत थोडी वेगळी आलीय. मार्क ४:२४ मध्ये तुम्ही 'काय' ऐकता याविषयी सावध राहा, आणि लूक ८:१८ मध्ये तुम्ही 'कसं' ऐकता याविषयी. आपल्याकडे पहिल्यावर भांडणं होतात (हे गाणं चालेल, ते चालणार नाही), दुसऱ्याकडे कोणी बघतच नाही. आणि आपल्या मराठीत तर ऐकणं या शब्दातच सगळं आलंय. "पोरगा माझं ऐकत नाही" असं आई म्हणते तेव्हा त्याच्या कानात बिघाड नसतो. ऐकणं म्हणजे मानणं, त्याप्रमाणे वागणं. हिब्रूतही तसंच आहे, "हे इस्राएला, श्रवण कर" यातलं श्रवण म्हणजे नुसतं कानावर पडणं नव्हे. तर प्रश्न असा की दिवसभरात तुमच्या कानावर काय काय पडतं हा एक भाग, आणि त्यातल्या कोणाचं तुम्ही ऐकता हा दुसरा, महत्त्वाचा भाग.

कानावर पडणाऱ्याचं एवढं भय बायबलमध्ये दिसत नाही. प्रेषित पौल अथेन्समध्ये अरियपग नावाच्या टेकडीवर उभा राहिला तेव्हा त्यानं ग्रीक कवीची ओळ म्हणून दाखवली, आपण देवाचा वंश आहोत अशा अर्थाची. ती अराटस नावाच्या कवीची, पौलाच्याच किलिकिया प्रांतातला तो, आणि ती कविता झ्यूस देवाच्या स्तुतीनं सुरू होते. आता ही ओळ पौलाला पाठ कशी झाली? कुठंतरी ऐकली वाचली असणारच ना. आणि आपल्या मातीतलं बघायचं तर कवी ना. वा. टिळक, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ते म्हणायचे की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो. 'उपासना संगीत' या आपल्या भजनपुस्तकातली त्यांची भजनं आपण दर रविवारी म्हणतो आणि मग घरी येऊन अभंग ऐकणं पाप म्हणतो, याला काय म्हणावं! त्याच्याही आधी गोव्यात फादर स्टीफन्स, इंग्लंडहून आलेला जेझुइट, त्यानं नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांसाठी येशूची कथा ओवीत लिहिली, १६१६ साली रायतूरला छापली. का ओवीत? कारण लोकांच्या कानाला पुराणाची सवय होती. त्यानं लोकांचे कान जाळले नाहीत, त्याच कानांत नवीन कथा घातली.

म्हणजे मिस्टरांचं अगदीच चूक का? नाही हो. त्यांना जे वाटतं त्यात एक खरी गोष्ट आहे की गाणं आत जाऊन बसतं. उपदेश दोन दिवसांत विसरतो, गाणं तीस वर्षं राहतं. पौल करिंथकरांना म्हणतो सगळ्याची मोकळीक आहे पण सगळंच हितकारक नाही. माझंच सांगतो, लग्नाआधी एक ठरलेलं मोडलं होतं, तेव्हा विरहाची गाणी मी चार महिने लावून लावून ऐकली, एकही शब्द अश्लील नव्हता त्यात, सगळी दर्जेदार, पण त्या गाण्यांनी मला त्या दुःखातून उठूच दिलं नाही, उलट दुःखाची चटक लागली. तेव्हा ते माझ्यासाठी बंद व्हायला हवं होतं. आणि तीच गाणी आज पोळ्या लाटताना बायको लावते तर काहीही होत नाही. उलट काही रील्सवरची गाणी आहेत, ठेका एकदम भारी, पोरं नाचतात, आणि शब्द नीट ऐकले तर बाईला वस्तूसारखं वापरायची भाषा, ते कोणत्याही वयात कोणत्याही मूडमध्ये घाणच.

यासाठी भजनमंडळात मी एक करतो, तुम्हीही करून बघा. नवीन गाणं कोणी आणलं की आधी चाल नाही. फळ्यावर शब्द लिहायचे आणि सपाट आवाजात वाचायचे, वर्तमानपत्र वाचल्यासारखं. दोन वर्षांपूर्वी तरुण संघानं एक उपासनेचं गाणं आणलं, कीबोर्ड, पॅड, सगळं जोरात, पोरींच्या डोळ्यात पाणी वगैरे. फळ्यावर लिहिलं आणि एका मुलाला वाचायला सांगितलं. वाचता वाचता तोच हसायला लागला. वीसेक ओळींत 'मी', 'मला', 'माझं' एवढंच, मी उंच जाईन, माझे शत्रू बघत राहतील, माझी वेळ आलीय. ख्रिस्ताचं नाव नाही, वधस्तंभ नाही, पापाचा विषय तर सोडाच. तो म्हणाला, "काका, हे इन्शुरन्सच्या जाहिरातीला पण चालेल." म्हणजे ख्रिस्ती असं लेबल लावलंय म्हणून कान उघडे टाकायचे नाहीत. आमोस संदेष्ट्यानं तर देवाचा निरोप सांगितला होता की तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, आणि ती गाणी सिनेमाची नव्हती, उपासनेचीच होती, म्हणणारे गरिबांना नाडत होते एवढंच. आणि संत ऑगस्टीन, चौथ्या-पाचव्या शतकातला एवढा मोठा माणूस, त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की चर्चमध्ये गायलेल्या शब्दांपेक्षा गाण्याचा आवाजच मला जास्त हलवतो तेव्हा मी चुकतोय असं मला वाटतं. तरीही तो म्हणाला नाही की गाणं बंद करा.

तर भावगीतं ऐका. मिस्टर घरात असताना आणि त्यांना टोचत असेल तेव्हा स्पीकरवर लावू नका, हा रोमकरांस १४ चा सल्ला, आणि त्यांनीही तुम्हाला त्यावरून अविश्वासू ठरवू नये, हाही त्याच अध्यायातला.

आरतीचं पटकन सांगतो. करिंथच्या लोकांचा प्रश्न मूर्तीला दाखवलेल्या मांसाचा होता, पौलानं सांगितलं बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, पण त्या पंगतीत भागीदार होऊ नका. कानावर आरती पडणं हे बाजारातल्यासारखं. टेबलापाशी शांत उभ्या राहिलात, लोकांच्या श्रद्धेचा मान ठेवलात, यानं तुमचं काही जात नाही. ताट हातात घेऊन ओवाळणं हे वेगळं, ते तुमच्या विवेकाला पटत नसेल तर हसून "तुम्ही करा, मी मोदक वाटायला घेते" म्हणा, कोणी रागावत नाही. मी एसटीच्या डेपोत तीस वर्षं नोकरी केली, कोणी रागावलं नाही.

आता भाकितं.

सासूबाई ऐकतात त्यात एक वचन हमखास असेल, यिर्मया २९:११. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला आशा आणि भविष्य देणारे आहेत, या अर्थाचं. कॅलेंडरवर असतं, कपावर असतं, रिक्षाच्या मागे असतं. आणि संदेश देणारा म्हणतो, हे आज तुमच्यासाठी आहे, या महिन्यात घर होणार, व्हिसा येणार, आमेन टाइप करा. मी म्हणतो ठीक आहे, आता अंगठा त्या वचनावरून काढा आणि फक्त एक वचन वर सरका. दहावं वचन. तिथं काय आहे? बाबेलची सत्तर वर्षं पुरी झाल्यावर. सत्तर! हे वचन बाबेलला नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं पाठवलेल्या पत्रातलं, आणि ज्यांना ते पत्र वाचून दाखवलं त्यातल्या बहुतेकांनी ते परत जाणं बघितलंच नाही, तिथंच मेले. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं उचलून नेलेले लोक ते. आणखी वर सरका. पाचव्या वचनापासून सांगितलंय की घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे परक्या ठिकाणी रोजचं जगणं नीट जगा. आणि मधे आठवं-नववं वचन आहे, ते कपावर कोणी छापत नाही. तुमच्यातले संदेष्टे तुम्हाला फसवू नयेत, त्यांना मी पाठवलेलं नाही. ज्या अध्यायातलं वचन घेऊन लोक खोटी भाकितं करतात त्याच अध्यायात खोट्या भाकितांपासून सावध राहायला सांगितलंय, तीन वचनं वरती!

आणि हे पत्र ज्या भांडणातलं आहे ते आदल्या अध्यायात आहे, २८ मध्ये, तो अध्याय मी शब्बाथशाळेत दरवर्षी एकदा तरी घेतोच. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर म्हणतो, दोन वर्षांत सगळं परत येणार, मंदिरातली भांडी, राजा, नेलेली माणसं, सगळं. "सेनाधीश परमेश्वर म्हणतो" असं म्हणूनच म्हणतो, भाषा एकदम शुद्ध. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं, देवानं खूण म्हणून घालायला लावलेलं, ते हनन्या काढतो आणि सगळ्यांदेखत मोडतो. टाळ्या पडल्या असतील, आजच्या भाषेत व्हायरल. पण जू मोडण्याआधी हनन्याचं बोलणं ऐकून यिर्मया काय करतो? तो आधी "आमेन, देव असंच करो" म्हणतो, त्यालाही तेच हवं होतं ना, त्यालाही लोक परत यायला हवे होते. मग एवढंच म्हणतो की शांतीचं भाकीत करणाऱ्याचं बोलणं खरं झालं की मग कळेल देवानं त्याला पाठवलं होतं. आणि जू मोडलं तेव्हा गुपचूप निघून जातो. वाद घालत बसत नाही. नंतर देवाचं वचन येतं तेव्हा परत जाऊन सांगतो की लाकडाचं मोडलंस, आता लोखंडाचं येईल. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला.

मला यात सगळ्यात काय खटकतं सांगू? त्या दिवशी मंदिरात मी असतो तर मी हनन्याचंच ऐकलं असतं. तुम्हीही. कारण त्याचं ऐकायला गोड होतं आणि दोन वर्षं मोजता येतात. पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलं की लोक कानांची खाज जिरवायला शिक्षकांची गर्दी जमवतील, आता मोबाईलमधली सबस्क्राइब केलेल्या चॅनलची यादी काढून बघा, गर्दीच आहे ती. खाज कानाला आहे, बोलणारा नुसता खाजवतो.

तर तपासायचं कसं. बिरुया गावच्या लोकांचं कौतुक प्रेषितांच्या कृत्यांत आहे की ते आनंदानं ऐकायचे आणि रोज शास्त्रात शोधायचे की हे असंच आहे का. कोणाचं बोलणं तपासत होते? पौलाचं! पौल रागावला नाही. म्हणून मी लोकांना सांगतो, तुम्ही अध्याय उघडल्यावर जो उपदेशक रागावतो किंवा "अभिषिक्तावर बोलू नका" म्हणून गप्प करतो, त्याचं ऐकणं तिथंच थांबवा. दुसरं, पैशाचा विषय कितव्या मिनिटाला येतो बघा. चर्चला दान देणं वेगळं, तिथं हिशेब वाचला जातो, कमिटी असते, भांडायला माणूस समोर असतो. स्क्रीनवरच्या क्यूआर कोडशी कोण भांडणार? आमच्या इथल्या एका बहिणीनं असंच 'बी पेरा' (म्हणजे पैसे पाठवा, देव वाढवून परत देईल) ऐकून आईच्या कानातल्या कुड्या मोडल्या आणि पैसे पाठवले, मुलाला नोकरी लागणार होती तीस दिवसांत. मुलगा पुढे लागला नोकरीला, दीड वर्षानं, परीक्षा देऊन, आणि ती बिचारी अजून समजते की ते बी उगवलं. तिला मी काय सांगू?

तिसरं आणि यात मी अजिबात ऐकून घेत नाही, औषध. विश्वास असेल तर गोळ्या टाकून द्या असं कोणीही म्हणालं, कितीही मोठा असो, कितीही लोक बरे झाल्याच्या साक्षी दाखवो, बंद करा. आमच्या मंडळीतले एक काका इन्सुलिन घ्यायचे, असा संदेश ऐकला आणि सोडलं, घरात कोणाला सांगितलंसुद्धा नाही. अकराव्या दिवशी शुगर पाचशेच्या वर, आठ दिवस आयसीयूत. वाचले. पौलानं तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला होता, प्रार्थना कमी पडली असं नाही म्हणाला, आणि त्याच्याबरोबर फिरणारा लूक तर वैद्यच होता. यशयानं हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला, तोही देवाचं वचन देता देता. सासूबाईंना बीपी-शुगर काही असेल तर त्या गोळ्या घेतायत ना एवढं मात्र लक्ष ठेवा, हे मी गंभीरपणे सांगतोय.

आणि ते "सात जणांना पाठवा नाहीतर आशीर्वाद थांबेल" वाले, त्यांना उत्तरच देऊ नका, डिलीट. ती तर जुनी पोस्टकार्डं होती तीच आता ऑडिओ होऊन आलीत.

एक तुम्ही विचारलं नाहीत पण मी सांगणार, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी याचंच बघितलंय. चर्चमधल्या कानगोष्टी. बाहेर त्याला चुगली म्हणतात, आपल्यात "प्रार्थनेसाठी सांगते हं" म्हणतात. नीतिसूत्रांत दोनदा आलंय की कानाशी लागणाऱ्याचे शब्द पक्वान्नासारखे असतात, थेट पोटात उतरतात. चव लागते ना! मला एकानं सांगितलं, अमक्या खजिनदारानं चर्चच्या छपराचे पैसे वापरले, मी विश्वास ठेवला, आठ महिने त्या माणसाशी बोललो नाही, प्रभुभोजनाच्या दिवशी दुसऱ्या बाकावर बसायचो. मग वार्षिक सभेत वही उघडली. पैसे बँकेत मुदत ठेवीत, पावसाळा संपेपर्यंत ठेवायचे असा कमिटीचा ठराव, आणि ठरावाखाली तिसरी सही माझी. माझी स्वतःची! मी हलक्या कानाचा माणूस, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. नीतिसूत्रे १८:१७ तेव्हापासून पाठ आहे, पहिल्यांदा बोलणारा खराच वाटतो, दुसरा येऊन विचारपूस करेपर्यंत. आता कोणी आलं की मी विचारतो, त्यांच्यासमोर बोलशील का, आपण दोघं जाऊ. दहातले आठ म्हणतात जाऊ द्या काका. मग जाऊच दे.

तुमच्या तीन तासांचं काय करायचं. पहिलं म्हणजे ऑटोप्ले बंद करा, सेटिंगमध्ये असतं. एक चांगला संदेश तुम्ही निवडलात तर तो ठीक, पण पुढचा कोणीतरी दुसरा निवडतो आणि त्याला तुमच्या आत्म्याशी देणंघेणं नाही, तुम्ही थांबून राहायला हव्या एवढंच. मग सकाळच्या प्रवासात बायबल ऑडिओ, पण एक-एक वचन नाही, अख्खं पुस्तक. मार्काचं शुभवर्तमान सगळं सोळा अध्याय साधारण दीड तासात होतं, एका फेरीत. फिलिप्पैकरांस पत्र पंधरा मिनिटांत. तेव्हाच्या मंडळ्यांनी ही पत्रं अशीच ऐकली होती, एकानं उभं राहून वाचायची आणि बाकीच्यांनी सलग ऐकायची, छापील बायबल कोणाच्या हातात होतं? महिनाभर असं सलग ऐकलंत की अर्धवट वचन कोणी फेकलं तर तुमच्याच कानाला खडा लागल्यासारखं होतं, की अरे, हे तर मधूनच उचललंय. खोटी नोट ओळखायला खऱ्या नोटा मोजाव्या लागतात, आमच्या डेपोत कॅशियर तसंच शिकायचे. आणि संदेश दीडपट स्पीडनं ऐकू नका बुवा. लोक ऐकतात आणि आज चार संदेश झाले म्हणून सांगतात, जेवण गिळल्यासारखं.

येताना गाणी ऐका, दमलेल्या असता. आणि आठवड्यातून एखाद दिवस काहीच नाही, इअरफोन पर्समध्ये. लेडीज डब्यात शेजारची बाई काय बोलतेय ते ऐका, कुणाच्या घरी काय चाललंय कळतं, प्रार्थनेला तो विषय मिळतो, खरा विषय. याकोब म्हणतो ऐकायला तत्पर असा, ते माणसांनाही लागू आहे.

सासूबाईंशी वाद घालू नका आणि गुपचूप त्यांच्या फोनमधली चॅनल ब्लॉक करायची आयडिया डोक्यात असेल तर काढून टाका, कळलं की घर पेटेल. पैसे जातायत का तेवढं मिस्टरांना बघायला सांगा, ते मुलाचं काम आहे. तुम्ही फक्त एक करा. संध्याकाळी भाजी निवडताना म्हणा, आई, सकाळी ते जे वचन सांगत होते ते कुठलं होतं हो, काढू या का. त्यांना बारीक अक्षर दिसत नसेल, तुम्ही वाचा. वरची पाच वचनं, खालची पाच. मत देऊ नका, नुसतं वाचा. आमच्या घरी बायकोनं तिच्या आईसोबत असंच केलं, म्हणजे माझ्या सासूबाईंसोबत. दोन महिने काही फरक नाही. मग एक दिवस यिर्मया वाचताना त्याच म्हणाल्या, "अगं, सत्तर वर्षं म्हणतोय की हा! मग तो मेला महिनाभरात कसं म्हणतो?" मी बाहेरच्या खोलीत होतो, हसू दाबताना चहा सांडला. चॅनल त्यांनी बंद केलं नाही, अजून ऐकतात, पण आता उलट उत्तर देत ऐकतात, मोबाईलशी भांडतात.

आणि त्यांना जुनी भजनं पाठ असतील तर म्हणायला लावा, नवीन पिढीला चाली येत नाहीत. बाबांची ती कापणीच्या सणाची चाल मला अर्धीच येते, अंतरा नाहीच.

मिस्टरांना हे वाचायला देणार असाल तर कॅसेटचा भाग आधी द्या, भाकितांचा नंतर.